पीटीच्या बाईंचा नांगर

आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंच्या स्कूटीवर, पायाशी, बाराही महिने एक नांगर पडलेला असायचा. शेतातला नव्हे, नावेचा. विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखा चार आकड्यांचा, दारव्ह्याच्या लोहाराकडून करवून घेतलेला. नवीन माणूस विचारायचाच, "बाई, हे काय?"

"नांगर."

"आणि बैल?"

"शाळेत सोडून आली."

स्टाफरूममध्ये हे कुणी सांगितलं की सर लोक मोठ्यानं हसायचे. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि हसणं थांबायचं.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. दारव्ह्याला भाऊ-भावजयीकडे राहायच्या. तीस वर्षं मुलींना कबड्डी शिकवून आवाज घोगरा झालेला. त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं हौसेनं दोन माणसांची प्लास्टिकची अरुंद नाव, कयाक, घेतली, दोन उन्हाळ्यांत तिला कंटाळला आणि ट्रान्सपोर्टनं आत्याकडे पाठवून दिली. मी त्याच शाळेत मराठी शिकवते आणि माझं सासर बोरी अरबला, अडाण नदीच्या काठी. म्हणून ती नारिंगी कयाक आमच्या कापसाच्या खोलीत भिंतीला उभी राहिली. गावात तिला 'बाईची डोंगी' म्हणायचे. दर रविवारी सकाळी बाई यायच्या आणि शिंगाडा धरायला जायच्या. शिंगाडा म्हणजे लांब मिशांचा, पाठीवर काटा असलेला मासा. डोहाच्या तळाशी पडून असतो आणि पाण्याबाहेर काढला की कुरकुरतो.

गंमत म्हणजे बाईंच्या घरी अंडंसुद्धा चालत नसे. धरलेला मासा आमच्या सासूबाईंच्या कढईत जायचा. सासूबाईंनी एकदा विचारलं, "खात नाही तं धरता कायले?" बाई म्हणाल्या, "तो खाली बसून काय करून राह्यला, ते पाहाले."

मग एका ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणी चालू असताना माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ आली. सुधीर चाळीसचाही नव्हता. शेतातून गाडीत घातला, दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मी रडले नाही. लोक म्हणाले धक्का बसला आहे, रडेल. तेराव्याला म्हणाले, रडेल. पंधरा दिवसांनी मी शाळेत रुजू झाले, वह्या तपासल्या, घरी येऊन सासूबाईंबरोबर स्वयंपाक केला. आम्ही दोघी एकमेकींसमोर बसून जेवायचो आणि ताटं उचलायचो. दुःख होत होतं असंही मला म्हणता येणार नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात जसा आपला वाटत नाही, तशी मी सगळीच झाले होते.

बाई भेटायला आल्या तेव्हा इतरांसारखं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी समोर बसाले माणूस पायजे मले. नांगर सांभाळाले. चाल."

मी गेले. नाही म्हणायलाही काही लागतं, ते माझ्याकडे नव्हतं.

पहिल्या दिवशी बाईंनी मासे धरलेच नाहीत. गुडघाभर पाण्यात त्यांनी मुद्दाम नांगराचा दोर नावेच्या बाजूच्या कडीला बांधला आणि मला काठावर उभं करून एकट्या वर बसल्या. धारेनं दोर ताणला, नाव आडवी झाली, एका अंगावर कलली आणि बाई चिखलात. तोंड पुसत उठल्या. "पाह्यलं? बाजूले कधीच बांधायचा नाही. नाकाशी बांधायचा, म्हणजे नाव धारेकडं तोंड करून राह्यते."

बाकीचं हळूहळू शिकले. डोहाच्या वरच्या अंगाला थांबायचं. नांगर फेकायचा नाही, आवाजानं मासा दबतो, हातानं सोडायचा. जितकं खोल, त्याच्या तिप्पट दोर. दोराचं शेवटचं टोक एका रिकाम्या डब्याला बांधलेलं आणि दोर नावेच्या नाकावरच्या खाचेतून येऊन माझ्या गुडघ्याशी एका आकड्यात अडकवलेला. काही अडचण आली तर आकड्यातून दोर काढायचा, डबा पाण्यात टाकायचा आणि निघून जायचं. "नांगर मंग सापडते. डबा तरंगत राह्यते न." बाई मागे बसून गळाला कोंबडीची कलेजी लावायच्या आणि गळाची दोरी धारेबरोबर डोहात सोडायच्या. तासन्‌तास बोलणं नाही. लाइफ जॅकेटं दोन होती. चांगलं मला देत. त्यांच्या जॅकेटचा चाप तुटला होता, तिथं परकराची नाडी बांधलेली.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी, नदी उतरली असं वाटल्यावर आम्ही गेलो. वर कुठंतरी पाऊस झाला असावा. आधी पाण्यावर काड्याकुड्या आल्या, मग पाणी लाल झालं आणि बघता बघता धार वाढली. नांगर खाली खडकात अडकला होता. दोर तारेसारखा ताणला आणि नावेचं नाक खाली जाऊ लागलं. पाणी माझ्या मांडीवर आलं.

"वैशाली, दोर सोड!"

आकडा माझ्या गुडघ्याशी होता. मी त्याच्याकडे बघत होते. हात हलवायचा होता, एवढंच. भीती वाटत नव्हती. आता संपेल, इतकंच वाटलं, आणि त्यात काही वाईट वाटलं नाही.

बाई पुन्हा ओरडल्या नाहीत. मागून अगदी हळू, वर्गात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाल्या, "वैशाली, मले पोहता येत नाही गं."

मी दोर सोडला. नाव उसळली, गरकन फिरली आणि दोन वळणं खाली बाभळीच्या जाळीत जाऊन अडकली. ओरखडे घेत आम्ही काठावर आलो.  पुढच्या रविवारी बाई नवा दोर घेऊन आल्या आणि तरंगता डबा शोधून त्यांनी नांगर वर काढला.

त्या हिवाळ्यात बाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस. मी भेटायला जायची. एकदा त्यांची भावजय चहा देता देता सहज म्हणाली, "आता पाह्य कसे पाय सुजले. कॉलेजात होत्या तवा अमरावतीले पोहण्यात पहिल्या येत."

भावजय आत गेली. मी कप खाली ठेवला.

"बाई, तुम्हाला पोहता येतं?"

"येत होतं. काहून?"

"तुम्ही खोटं बोललात माझ्याशी."

"मंग काय करू? तुह्यासाठी तू हात हलवत नव्हती. माह्यासाठी हलवशीन असं वाटलं." त्यांनी सुजलेले पाय खाटेवर ओढून घेतले. "राग आला?"

"नाही."

"येऊ दे. काहीतरी येऊ दे, पोरी."

फाल्गुनात त्या गेल्या. मधल्या सुट्टीत फोन आला. त्यानंतर माझा आठवीवर तास होता, तो मी घेतला. मैदानावर पीटीचे नवे सर शिट्टी वाजवत होते, खिडकीतून ऐकू येत होतं. पाच वाजता दारव्ह्याच्या मोक्षधामात गेले. परत आले, आंघोळ केली, पोळ्या लाटल्या. मी स्वतःला तपासून बघत होते, दुखतं का कुठे. नाही.

रविवारी सवयीनं कयाक बाहेर काढली. एकटीला ती ओढवत नव्हती. सासूबाई अंगणात तूर निवडत होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि कयाकचं दुसरं टोक धरलं. काठापर्यंत आम्ही दोघींनी ती नेली. मला वाटलं, त्या आता परत जातील.

"एकटीच जातं काय?"

"हो."

"मी येऊ?"

पासष्टी उलटलेली बाई, जन्मभर नदीकाठी राहून कधी नावेत बसलेली नाही. मी त्यांना जॅकेट चढवलं, पुढे बसवलं. मागून वल्हं मारत डोहाच्या वरच्या अंगाला आले, आणि त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे नांगर हातानं खाली सोडला, हळू, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा. नाव थांबली. उन्हाळ्याचं पाणी, धार जेमतेम. गळ टाकायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

त्यांची पाठ माझ्याकडे होती. बऱ्याच वेळानं त्यांनी पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला.

"सुध्या याच डोहात पोहाले शिकला," त्या म्हणाल्या. "बापानं कमरेले दोर बांधून सोडला होता. लय रडला होता."

दीड वर्षात आमच्या दोघींमध्ये त्याचं नाव पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं.

"आणखी सांगा," मी म्हणाले.