केसांतले महिने

लॅबमधल्या गोष्टी केसांसारख्या असतात, कापल्या तरी वाढतात. तंजावूर सोडून मला कितीतरी वर्षं झाली, पण जुने सहकारी भेटले की गप्पांची गाडी रमाअक्कांवर येतेच.

रमाअक्का म्हणजे आमच्या डॉक्टरबाई. राजवाड्यामागच्या गल्लीत राहायच्या. घरात मराठी, बाजारात तमिळ, आणि चिडल्या की इंग्लिश. गावात नुकते एसटीडी बूथ आणि केबल टीव्ही आले होते, तेव्हा या बाई लहान मुलांचे केस तपासत होत्या. पोराला कुणी महिनोन्‌महिने अफू चाटवून झोपवतंय का, हे त्यातून कळायचं.

मी कोल्हापूरहून आलेला नवा टेक्निशियन. विचारलं, "रक्त का नाही तपासत?"

"रक्ताला कालपरवाचंच आठवतं रे. केसाला बाळपण आठवतं."

*

तुलनेसाठी निरोगी मुलांचे केस हवे होते. अक्कांनी स्टाफला पोरं आणायला लावली आणि पहिली कात्री स्वतःच्या नातीला लावली. लवकरच आमच्या सगळ्यांच्या मुलांच्या डोक्यामागे एकेक टक्कल दिसू लागलं. शाळेतून विचारणा झाली, "ही कसली साथ?"

अक्कांनी कळवलं, "विज्ञानाची."

*

मद्रासहून एक मोठे साहेब पाहणीला आले. म्हणाले, "रोज डोकं धुतलं तर पुरावा जाणार नाही का?"

"शांपूने जात असता, तर मी लॅब कशाला काढली असती? साबणाचं दुकान काढलं असतं."

साहेबांनी कॉफीचा पेला पुढे ओढला.

*

आमच्याकडे खरी अडचण नवसाची. मुलाचे पहिले केस देवाचे. देवळात मोट्टै, म्हणजे मुंडण, होईपर्यंत कात्री लावायची नाही. एकदा मोट्टै होऊन गेलेल्या मुलाचे केस आणायला अक्कांनी शिपाई सेल्वमला देवळात पाठवलं. तो पोतं घेऊन आला. त्यात दिवसभराच्या सगळ्या भक्तांचे केस होते.

अक्का म्हणाल्या, "छान. आता अख्ख्या तालुक्याला दोषी धरू."

तेव्हापासून त्या स्वतः देवळात जायच्या. वस्तरा लागण्याआधी एक बट मुळाशी दोऱ्याने बांधायच्या आणि देवाला हात जोडून मगच ती घ्यायच्या. एवढी शिकलेली बाई, पण कुणाच्या नवसाला कधी हसली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

*

पापनाशमजवळचं एक पोर सारखं पेंगायचं. लघवीत अफू सापडली. सासू म्हणाली, सूनच देते. नवऱ्याने ठरवलं, मूल ठेवून घ्यायचं आणि बायकोला माहेरी धाडायचं. ती बिचारी लॅबच्या पायरीवर बसून नुसती रडायची.

अक्कांनी मोट्टैच्या दिवशी बट आणली. आम्ही तिचे मुळापासून टोकापर्यंत तुकडे केले; केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, म्हणून टोक म्हणजे जुने महिने आणि मूळ म्हणजे ताजे. टोकाकडे अफू होती, मुळाकडेही होती. मधला भाग स्वच्छ. त्या महिन्यांत सून मुलाला घेऊन तिरुवैयारूला माहेरी होती.

अक्कांनी रिपोर्ट कुणापुढे वाचला नाही. आधी सासूला ‘पाट्टी’, म्हणजे आजी, अशी हाक मारून एकटीला आत बोलावलं आणि सगळं समजावलं. सून शेतात गेली की घर, गुरं आणि ते पोर, सगळं म्हातारीवरच असायचं.

मग तिने विचारलं, "त्यात माझं नाव लिहिलंय?"

"केसात नाव नसतं, पाट्टी. महिने असतात."

म्हातारी उठली. बाहेर येऊन तिने तिथे थांबलेल्या मुलाच्या कडेवरून नातू काढला, सुनेच्या मांडीवर ठेवला आणि मुलाला म्हणाली, "ही घरीच राहील. उद्यापासून भातलावणीला मी जाते."