पश्चिमेची भिंत

पश्चिमेच्या भिंतीचे तट्टे मी बांधले नव्हते. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्या विमलबाई महिन्यापूर्वी गेल्या. भद्रावतीच्या बस स्टँडवर आमच्या शाळेतला एक जुना विद्यार्थी, आता कंडक्टर आहे, खिडकीतून ओरडला, "मास्तर, बाई गेल्या जी!" आणि गाडी सुटली.

गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात बाईंनी एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास स्वतःची शाळा काढली. बाई मूळच्या चिमूरच्या, सरकारी नोकरी सोडून आलेल्या. मी त्यांचा एकुलता एक मास्तर. इमारत मातीची. हातभर जाड भिंती, खाली बांबूच्या जाळ्या, छपराखाली झरोके, पंखा एकही नाही. बांधकाम चालू असताना सोमाभाऊ, ज्यांची पोरं पुढं आमच्याकडे शिकली, रोज येऊन टोमणा मारायचे, "बाई, शाळा बांधून राह्यल्या का रांजण?" मे महिना लागला की तेच भरदुपारी आत येऊन पाय पसरायचे. "काऊन भाऊ, इथी कसे?" बाई विचारायच्या. "रांजणात बसाले आलो जी." पोरं हसून लोळायची.

भिंती पोरांच्या होत्या. पांढऱ्या मातीनं आणि गेरूनं त्यांवर जंगल काढायचं, त्यातच भूमिती, त्यातच बेरजा. पाढे ढोलाच्या ठेक्यावर. दुपारी बाई पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावायच्या आणि मागोमाग सगळी पोरं. भिंत हाताला कोमट लागली की वरचे झरोके उघडायचे. घड्याळ कुणी पाहत नसे.

त्या भिंतीला भीती होती ती पश्चिमेकडून दिवसेंदिवस झोडपणाऱ्या झडीची. म्हणून मृगाआधी तिच्यावर बाहेरून बांबूचे तट्टे बांधायचे. चौथ्या वर्षी बाई आजारी बहिणीकडे चिमूरला गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "मास्तर, तट्टे इसरू नका." मी विसरलो नव्हतो. भद्रावतीला एका कॉलनीतल्या शाळेत मुलाखत होती. पक्की इमारत, डोक्यावर पंखा, पेन्शन. नातेवाइकांत 'मातीच्या शाळेतला मास्तर' म्हणवून घ्यायला मी कंटाळलो होतो. परत येऊन बांधू, असं म्हणून गेलो. तिथला मुक्काम वाढला, आणि झड लागली ती थांबेचना.

भिंत रविवारी पडली, म्हणून खाली कुणी सापडलं नाही. सगळ्या चित्रांचा चिखल झाला. मी पोचलो तेव्हा बाई अजून यायच्या होत्या. तट्टे मागच्या पडवीत कोरडे, गुंडाळलेले. ते मी पावसात ओढत आणले आणि ढिगाऱ्यावर टाकले. बाई आल्या. चिखलात उभ्या राहून त्यांनी एवढंच विचारलं, "तट्टे बांधले होते ना?"

"बांधले होते बाई. वाऱ्यानं तोडले."

बाई म्हणाल्या, "म्हणजे मातीनंच धोका देला."

"रांजण फुटला, बाई," सोमाभाऊ म्हणाले. या वेळी कुणी हसलं नाही. "पोरं खाली असती त?" त्यांनी आपली पोरं काढून घेतली, त्यांच्यामागे बाकीच्यांनी. दिवाळीपर्यंत वर्ग रिकामा झाला. मी तोवर पंख्याखाली शिकवायला लागलो होतो.

यंदाच्या उन्हाळ्यात बाईंना शेवटचं भेटलो, चिमूरला, बहिणीच्या सिमेंटच्या घरात. गडचिरोलीकडचा एक तरुण आला होता. त्याला तशीच शाळा बांधायची होती. "नको बाबू," बाई म्हणाल्या, "मातीचा भरवसा नाई. पोराईचा जीव आहे." मग माझ्याकडे वळल्या. "मास्तर, सांगा न याले. तुमी डोयानं पाह्यलं आहे."

मी होकारार्थी मान हलवली. तरुणानं चहा संपवला आणि नमस्कार करून निघून गेला.

परवा त्या घरी जाऊन आलो. बाईंच्या खाटेशेजारी भिंतीच्या चुन्यावर एक काळपट डाग आहे, तळहाताएवढा. "दुपार झाली का हात लावे," बहीण सांगत होती. "मी म्हणो, अक्का, सिमेंटात काय पाह्यतं वं?" ती आत गेल्यावर मी तिथं हात ठेवून पाहिला. भिंत तापली होती.

हे मी पेपरात छापायला देतो आहे, पण सोमाभाऊंच्या गावात पेपर जात नाही, आणि त्या तरुणाचा पत्ता शोधावा लागेल. तट्टे मी बांधले नव्हते, हे त्या दोघांना समोर उभं राहून सांगणं माझ्याकडून बाकी आहे.