दार, छत, भिंत

पार्वताबाई कुणाच्याही तोंडाकडे बघण्याआधी टाचांकडे बघायची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने माझ्याही बघितल्या. मी चपला काढून वॉर्डाच्या उंबऱ्यापाशी उभी होते, आत जायचं धाडस होत नव्हतं. हातातली बादली खाली ठेवून ती म्हणाली, "चालनाऱ्या मानसाच्या टाचा हायेत तुह्या. मंग तिथं काहून उभी राहिली वं, बेबी? ये ना आत."

मी गेले नाही. पुढची दोन वर्षंही मी तो उंबरा ओलांडायचं टाळलं. जरीपटका वस्तीच्या पुढे एका ट्रस्टचं वृद्धांसाठी शुश्रूषागृह होतं, तिथे मी टायपिस्ट होते. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून मला घेतलं होतं. ऑफिस आणि बायकांचा वॉर्ड यांच्यात फक्त एक व्हरांडा होता. खिडकीतून मला सगळं दिसायचं, आणि फिनेलने न झाकलेला वासही यायचा. मी नाकाला रुमाल लावून टाइप करायची.

वॉर्डात बावीस खाटा होत्या. त्यातल्या चौदाजणींना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. नर्स सकाळी तासभर येऊन जायची. बाकी सगळ्याला एकच आया, पार्वताबाई. घर कन्हानला, पण ती वॉर्डाच्या कोपऱ्यातच राहायची. एकाच कुशीवर फार वेळ राहिलं की चामडी फुटते, म्हणून चौदाजणींसाठी तिने तीन दिशा ठरवल्या होत्या: दार, छत, भिंत. दाराच्या पाळीत सगळ्यांची तोंडं दाराकडे, मग सगळ्या उताण्या, मग सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. "एका नजरेत दिसते मले," ती म्हणायची. "एकीचंबी तोंड दुसरीकडं दिसलं, का समजाव, थे राहिली." शेवटच्या खाटेपर्यंत पोचेतो पहिलीची वेळ उलटून गेलेली असायची. मग ती न बसता पुन्हा पहिलीकडे जायची.

मैनाआजी तिचा अभिमान होता. तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली, पण अंगावर एक जखम नाही. "कांद्याचा पापुद्रा हाये हिची चामडी," पार्वताबाई सांगायची. आजी वळता वळता पुटपुटायची, "माह्याहून खाट जड हाये, पारबते. तिलेच वळवत जाय."

दर दोन-तीन महिन्यांनी पार्वताबाई ऑफिसच्या खिडकीशी येऊन मला अर्ज सांगायची. "लिही. एकटीचे हात पुरून नाही राहिले. आनखी एक बाई द्या. बस, एवढंच." मी लिहायची, ती अंगठा उठवायची. मॅनेजर अर्ज वाचून खणात टाकायचे आणि हसून म्हणायचे, "पार्वताबाई, तुम्ही असताना दुसरीची गरज काय?"

मग सरकारी तपासणी आली. आदल्या दिवशी मॅनेजरांनी मला वॉर्डातल्या आयांची यादी टाइप करायला दिली. सात नावं, नियमाला लागतात तेवढी. पहिलं पार्वताबाईचं. बाकीच्या सहा कोण, हे मी विचारलं नाही. शुद्ध इंग्रजीत, समास सोडून, यादी नीट टाइप केली.

सकाळी सहाजणी टेम्पोतून उतरल्या. एका ट्रस्टींच्या वखारीत संत्री निवडणाऱ्या बायका. त्यांना घडीच्या सुरकुत्या असलेली पांढरी लुगडी दिली गेली. "आमाले कराचं काय, साहेब?" एकीने मॅनेजरांना विचारलं. "उभं राहायचं. कशाला हात लावायचा नाही." आणि रुग्णांची तोंडं दाराकडे ठेवायचा हुकूम झाला, तपासणीचे साहेब आत येताच सगळ्यांचे चेहरे दिसावेत म्हणून.

साहेब नऊला यायचे होते. दहा वाजता पार्वताबाई पहिल्या खाटेशी वाकली तसे मॅनेजर ओरडले, "साहेबांना काय पाठी दाखवायच्या आहेत?"

"साहेब येतीन तवा येतीन. चामडी थांबत नाही ना, बापा."

मॅनेजरांनी तिला दिवसभरासाठी स्वयंपाकघरात पाठवलं आणि वॉर्डाच्या दारात खुर्ची टाकून स्वतः बसले. सहाजणी खाटांशी उभ्या राहिल्या. एकीने मैनाआजीच्या तोंडावरची माशी हाकलली, तर तिला दटावलं. मी खिडकीतून सगळं बघत होते. घड्याळही बघत होते. एकदा उठले, पुन्हा बसले.

साहेब साडेतीनला आले. स्वयंपाकघरातून पार्वताबाईला बोलावून रांगेत उभं केलं. साहेबांनी उंबऱ्यातूनच बोटाने मोजलं. "सात. ठीक आहे." मग ऑफिसात बसून संत्र्याची बर्फी खाल्ली, बोटं चाटली, आणखी एक घेतली. तो गोड वास मला अजूनही सहन होत नाही.

तिसऱ्या दिवशी मैनाआजीच्या कमरेवरचा काळानिळा डाग फुटला. पार्वताबाई जखम धूत राहिली. आजीच्या पुतण्याने ट्रस्टकडे तक्रार केली. आता कुणाचा तरी दोष निघायला हवा होता. मॅनेजरांनी मला मजकूर सांगितला: वॉर्डात सात आया हजर असूनही पार्वताबाईंच्या हलगर्जीपणामुळे जखम झाली, सबब त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. सोबत यादी जोडली. मी टाइप केलेली.

तो कागद घेऊन ती खिडकीशी आली. "वाच वं, बेबी. विंग्रजी हाये."

मी वाचून अर्थ सांगितला.

"सात जनी? नावं सांग."

मी सहाही नावं वाचली. ती ऐकत होती, पाहुण्यांची नावं ऐकावी तशी. मग म्हणाली, "बोलाव ना मंग त्याइले. भिंतीची पाळी राहिली हाये."

तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली आणि ती वॉर्डाकडे वळली. मी उठले आणि उंबरा ओलांडला. तिने माझ्या टाचांकडे बघितलं. "तू खांदा धर. मी कंबर धरतो. वढू नको, चामडी सोलते. उचल." चौदाजणींना आम्ही दोघींनी भिंतीकडे वळवलं. दोघी असलो की किती थोडा वेळ लागतो, हे मला तेव्हा कळलं. मग ती हात धुऊन, पिशवी घेऊन कन्हानच्या बसला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरांनी नवी यादी करायला सांगितली. पार्वताबाईच्या जागी वखारीतलं आणखी एक नाव. सातचे सात. मी मशीनमध्ये कागद चढवला आणि समोर बघितलं. चौदा पाठी. काल आम्ही ठेवल्या होत्या तशाच.

"पारबते," मैनाआजीचा आवाज आला, "दार कवा येनार वं?"

मी कागद तसाच सोडून आत गेले. वाकून तिचा खांदा धरला. कंबर धरायला कुणी नव्हतं.