‘येत्या’च्या जागी ‘पुढील’

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. चाळीस वर्षं एका घरात राहिलो, तिला माझं सगळं ठाऊक होतं — असं ती समजायची. हे नव्हतं. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. पण आज सुरुवात केली आहे तर थांबू नये.

तेव्हा मी नागपुरातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. साल सांगायचं तर सत्तरच्या दशकातलं मधलं कुठलंतरी. वय सव्वीस. नव्या माणसाकडे जी कामं ढकलतात ती माझ्याकडे होती, आणि त्यातलं एक म्हणजे ‘शहरातील कार्यक्रम’ हे सदर. कुठे व्याख्यान आहे, कुठे सभा, कुठे कीर्तन — लोक चिठ्ठ्या आणून द्यायचे, मी त्या दोन-दोन ओळींत बसवायचो. कोणी त्याला महत्त्वाचं काम म्हणत नसे. पण लोक ते सदर वाचून घराबाहेर पडायचे, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर —

नाही, आधी शेवंताबाईंबद्दल सांगतो.

शेवंताबाई आमच्या गावोगावच्या वार्ताहरांपैकी एक. उमरेडच्या पलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवायच्या. वार्ताहरांत बाई एवढी एकच. पोस्टकार्डावर बारीक अक्षरात बातम्या लिहून पाठवायच्या. सुरुवातीला ‘जय भीम’, शेवटी सही, मधे एकही शब्द फुकटचा नाही. मी त्यांना पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या कार्डांवरूनच मी लिहायला शिकत होतो, हे तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळतं.

एकदा त्यांचं कार्ड नाही, चार पानी पत्र आलं. त्यांच्या शेजारच्या गावातला सरकारी दवाखाना आठ महिने उघडलाच नव्हता, आणि वहीत मात्र रोज रोगी तपासल्याच्या नोंदी होत होत्या. बाई शाळेत जाताना मुद्दाम वाट वाकडी करून रोज ते कुलूप पाहत होत्या. कुलपाच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं — हे त्यांनी लिहिलं होतं. बाळंतपणात अडलेल्या एका बाईला बैलगाडीत घालून कोणी नेलं, गाडी कोणाची होती, सगळं नावानिशी.

ते पत्र मी नीट, शुद्ध भाषेत उतरवून काढलं. संपादकांनी वाचलं. चष्मा काढून त्यांनी मला विचारलं, “कुंभारमाशीचं घर... तू स्वतः जाऊन पाहिलंस?”

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एक अक्षर. त्याआधी मी उमरेडच्या पुढे कधी गेलोसुद्धा नव्हतो.

बातमी माझ्या नावानं पहिल्या पानावर आली. दवाखाना पंधरा दिवसांत उघडला. लोक रस्त्यात थांबवून त्या कुंभारमाशीबद्दल बोलायचे. बाईंचं कार्ड आलं: दवाखाना उघडला, डॉक्टर राहायला आले, भाऊ, तुमचे उपकार आहेत. माझे! ते कार्ड मी खिशात ठेवून दिलं. लाज वाटली का? थोडी. पण कौतुक त्याहून जास्त गोड होतं, हे खोटं कशाला बोलू?

आता त्या सभेकडे येतो. शहरातल्या पत्रकारांचं आणि जनसंपर्काचं काम करणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी पाचला धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये जमायचे. तीस-चाळीस माणसं, चहा, एक व्याख्यान, नंतर तास-दीड तास वाद. मंडळाचे चिटणीस नानासाहेब — आमच्याच दैनिकातले सर्वांत जुने उपसंपादक. पूर्वी ते सभासदांना कार्डं टाकायचे. मग म्हणाले, सगळे आपलं सदर वाचतातच, कार्डं कशाला?

त्या महिन्यात नानासाहेब माझ्या टेबलाशी आले आणि चिठ्ठी ठेवली. खूश होते. म्हणाले, “अरे, शेवंताबाईंना बोलावलंय. खेड्यातल्या वार्ताहराला आपण कधी बोलावलंच नाही. दवाखाना त्यांच्याच भागातला, त्या भानगडीवरच बोलायला सांगितलंय — बातमी कशी हाती लागली ते.”

चिठ्ठीत लिहिलं होतं: येत्या रविवारी, तारीख, वेळ, जागा, वक्त्याचं नाव.

मी ती दोनदा वाचली. बाई उभ्या राहणार, चाळीस पत्रकारांसमोर सांगणार की रोज कुलूप मी पाहायची, माशीचं घर मी पाहिलं, मग पत्र लिहिलं — आणि संपादक पहिल्या रांगेत बसलेले असणार. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नानासाहेब भाचीच्या लग्नाला अकोल्याला गेले होते, रविवारी सकाळी परतणार होते. आणि मी —

मी ‘येत्या’च्या जागी ‘पुढील’ लिहिलं. ‘पुढील रविवारी’ — म्हणजे वाचणाऱ्यानं हा सोडून त्यानंतरचा रविवार समजावा. तारीख गाळली. नानासाहेबांची चिठ्ठी फाडली, माझी प्रतही छपाई झाल्यावर फाडली. हे चुकून झालं नाही. पेन उचलून, विचार करून, एक शब्द बदलून मी हे केलं.

रविवारी बाई दुपारच्या एसटीनं आल्या. पांढरं सुती पातळ, जाड भिंगांचा चष्मा, हातात शाळेची वही. हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडलेल्या. माणसं चार — नानासाहेब, वाचनालयाचे ग्रंथपाल, कोणाकडून तरी तोंडी ऐकून आलेले एक जनसंपर्क अधिकारी, आणि मी. मी का गेलो? न जाण्यानं संशय आला असता म्हणून. दुसरं कारण नाही.

साडेपाच वाजले. नानासाहेब दारात येरझाऱ्या घालत होते. बाई माझ्याकडे वळल्या.

“भाऊ, मी दिवस चुकली का?”

“नाही बाई. येतील लोक.”

“मंग काहून नाही आले?”

मी मागच्या खुर्च्या सरळ करायला लागलो. त्यांनी दारातून एकदा रस्त्यावर नजर टाकली आणि वही उघडली. “चौघं तं चौघं. माह्या शाळेत पावसाळ्यात एवढेच राहते.”

आणि त्या बोलल्या. तासभर. चाळीस माणसांसमोर बोलावं तशा — उभ्या राहून, मोठ्यानं, शेवटच्या रिकाम्या रांगेपर्यंत आवाज पोचेल असं. एकाच दारी सकाळी, दुपारी, संध्याकाळी असं तीनदा जायचं, कारण माणूस दर वेळी वेगळं सांगतो. नाव विचारायचं आणि पुन्हा विचारायचं. तक्रार करणाऱ्याला आधी पाणी प्यायला द्यायचं. आणि मग माझ्याकडे न पाहता, सहज, “जे आपण नाही पाहिलं, ते कोणं पाहिलं त्याचं नाव लिवा. नाहीतं लिवू नका.”

मग दवाखान्याचं आलं. त्या म्हणाल्या, “ते तं भाऊनं लिवलंच हाये, मी काय सांगू. माह्यापेक्षा लय चांगलं मांडलं त्यायनं.” पुढे गेल्या. बस. ज्या गोष्टीला भिऊन मी सगळं केलं, ती गोष्ट त्या बोलणारच नव्हत्या.

मी माझ्या वहीत त्यांचं बोलणं उतरवत होतो. मान वर करायला नको म्हणून उतरवत होतो खरं तर. पण उतरवलं ते सगळं. पुढची तीस वर्षं मी त्या एका तासावर काढली. मी जी काही पत्रकारिता केली, जी काही बरी बातमी लिहिली, ती त्या वहीतून. नव्या मुलांना शिकवायची वेळ आली तेव्हाही तेच शिकवलं — तीनदा जा, नाव विचारा, पाणी द्या. मुलं ते ‘सरांचे नियम’ म्हणून लिहून घ्यायची. मी दुरुस्त केलं नाही. एवढं देणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही.

सोमवारी चौकशी झाली. चूक कोणाची? आमचे कंपोझिटर मारोतराव, छपाईचे खिळे जुळवण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, ते म्हणाले, “साहेब, कागदावर जे होतं तेच लावलं.” कागद कुठे होता? संपादकांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. मी माझ्या टेबलाशी बसून होतो. दुरुस्ती छापायची राहिलीच; पुढच्या रविवारी तीसेक माणसं हॉलवर गेली, दाराला कुलूप पाहून हसत-चिडत परतली. “बाईंना पुन्हा बोलावू,” नानासाहेब म्हणाले. मग ते निवृत्त झाले, मंडळ दुसऱ्यांच्या हाती गेलं, आणि बाईंना पुन्हा कोणी बोलावलं नाही. मीही नाही. पुढे मी त्याच मंडळाचा अध्यक्ष झालो, तरी नाही.

दहाएक वर्षांनी शेवंताबाईंचं धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या मुलानं मला कळवलं. मी ठरवून गेलो — आज सांगायचंच. दुसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खाटा. बाईंच्या एका डोळ्याला पट्टी. मी आवाज दिला तशा त्या उठून बसल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, “अवं, हा माहा नागपूरचा भाऊ. मले नागपुरात भाषणाले बोलावलं होतं ना, सांगून राहिली होती पहा? चारच माणसं आले होते, पन यायनं माहा एकन् एक शब्द लिवून घेतला. असं कोणं ऐकते वं आपलं?”

शेजारच्या बाईनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

मी बसलो. डॉक्टर काय म्हणतात विचारलं. त्यांनी डब्यातला चिवडा पुढे केला, तो खाल्ला. त्यांच्या शाळेतल्या एका मुलीला शिक्षिकेची नोकरी लागल्याचं त्यांनी सांगितलं, ते ऐकलं. अर्ध्या तासानं निघालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता. पुढल्या तीन वर्षांत त्या वारल्या.

आणि आता जे उरलं आहे ते सांगतो, कारण तेच सांगायला सर्वांत जड जातंय. वाईट मला नंतर वाटलं, पुष्कळ वाटलं. पण त्या दवाखान्याचा जिना उतरताना — बाईंना कधीच संशय आला नव्हता, हे कळल्यावर — मला हलकं वाटलं. खाली रस्त्यावर येऊन मी पान खाल्लं.