व्हेल्डाच्या कमरेचा दोर

व्हेल्डा टॅकेटला पोहता येत नव्हतं, आणि तिच्या भावाने, हॉलिसने, ही गोष्ट येता-जाता इतक्यांना सांगितली होती की अमेरिकेतल्या आमच्या ओझार्कच्या डोंगरात तिच्याबद्दल लोकांना तेवढंच ठाऊक होतं.

शाळेच्या खानावळीत ती स्वयंपाक करायची. लग्न झालं नाही. एकदा ठरत आलं होतं, तेवढ्यात आईने अंथरूण धरलं आणि हॉलिस म्हणाला, "तुझ्याशिवाय आईचं कोण करणार?" आई गेली, तर हॉलिसची पोरं लहान होती. पोरं मोठी होऊन पांगली, तर हॉलिसचा गुडघा धरला. त्या घरात कारणांची वानवा कधी पडली नाही. मी त्यांची शेजारीण, नेटी. माझा त्या घरावर राग आहे आणि तो मी लपवत बसणार नाही.

त्या उन्हाळ्यात तिला स्प्रिंगफील्डहून बोलावणं आलं. तिथल्या वृद्धाश्रमात तिची जुनी मैत्रीण स्वयंपाकघर सांभाळायची. ती काम सोडणार होती, आणि ती जागा, राहायच्या खोलीसकट, व्हेल्डाला मिळत होती. सोमवारी फोनवर हो किंवा नाही सांगायचं होतं. कपडे वाळत घालताना तिने मला हळूच सांगितलं, "जाते गं मी." मला इतका आनंद झाला की हातातली चादर खाली पडली. घरी विषय काढला तेव्हा मात्र हॉलिस म्हणाला, "रविवारी नदीवर निवांत बोलू."

नदीवर म्हणजे ट्यूबवर. ऑगस्टात चर्च सुटलं की टॅकेट मंडळी ट्रकच्या चाकांच्या ट्यूबा फुगवून नदीत सोडतात आणि आत रेलून खालच्या पुलापर्यंत वाहत जातात. काळं रबर तापून मांड्या भाजतात, हवेची नळी पाठ ओरबाडते, पण मौज म्हणजे मौज. टॅकेटांचा नियम एकच, कुणी सुटं वाहायचं नाही. हॉलिस एका दोराने सगळ्यांना ओवायचा. पुढे तो, मग त्याची बायको रोवेना, मग तिचा भाऊ लॉयल, मग मी, माझ्यामागे व्हेल्डा. सगळ्यांत शेवटी बर्फाची पेटी, तिची वेगळी ट्यूब. व्हेल्डा बिअर पीत नाही, म्हणून पेटी तिच्याकडे. आमच्या ट्यूबांनाच दोर असायचा. तिच्या मात्र कमरेलाही एक वेढा, कारण पोहता येत नाही ना. तरंगायचं जॅकेट घाल म्हणावं, तर ट्यूबवर जॅकेट घालणाऱ्याला आमच्याकडे लोक हसतात.

वळणापलीकडे वसंतातल्या पुराने पाडलेलं सायकमोरचं झाड नदीच्या मधोमध अडकलं होतं. आम्ही चौघं डावीकडून निघालो. जड पेटी उजवीकडे गेली. मधोमध व्हेल्डा बुंध्यावर आदळली, फांदीने तिची ट्यूब फोडली आणि दोर ताठ झाला.

"हॉलिस, पोटात रुततोय!" ती ओरडली.

"हलू नकोस! बुंधा धर!" हॉलिस म्हणाला.

"धरलाय! सोडा मला!"

"सोडलं तर बुडशील, वेडे!"

"पाय मार," लॉयल म्हणाला.

"आणि पेटी सांभाळ गं, चिकन त्यातच आहे," रोवेना म्हणाली.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. प्रवाह आम्हाला खाली ओढत होता, आणि आम्हा चौघांचं सगळं वजन तिच्या कमरेवर होतं. तिकडे पेटी ओढत होती. पाणी तिच्या छातीवरून गळ्याशी आलं. तिने हाका मारणं थांबवलं आणि ती नाक वर धरून फक्त माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हा जशी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

काही सुचेना, म्हणून तिच्याकडे जायला मी ट्यूबमधून खाली घसरले. पाय गोट्यांना टेकले. पाणी माझ्या कमरेएवढं होतं.

"उठा!" मी किंचाळले. "उभे राहा, मेल्यांनो! पाणी कमरेएवढं आहे!"

ते उठले. चांगलीच लाज वाटली त्यांना, एकमेकांकडे बघेनात. चौघं प्रवाहाविरुद्ध चालत गेलो तसा दोर सैल पडला. बुंध्याजवळ पाण्याने खड्डा कोरला होता, तिथून मी आणि लॉयलने तिला काखेत धरून ओढलं आणि वेढा डोक्यावरून काढला. कमरेवर लाल वळ उठला होता, रक्ताळलेला.

हॉलिस तिच्या गळ्यात पडून रडला. खरंच रडला, खोटं कशाला बोलू. मग डोळे पुसून म्हणाला, "बघितलंस? आम्ही सगळे हाताशी होतो तरी ही गत. तिथे परक्या गावात एकटीचं काय होईल, सांग."

रोवेनाने मान डोलावली. लॉयलनेही.

चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, "अरे, बांधलं कुणी तिला?"

"बांधलं नसतं तर आज हाती लागली असती का?" तो म्हणाला. माणूस मनापासून बोलत होता, म्हणून तर माझं काही चालेना.

त्याने लॉयलची ट्यूब तिच्यापुढे धरली आणि दोराचं टोक उचललं. "चल, हात वर कर."

"व्हेल्डा," मी तिचा दंड धरला, "काठाने पायवाट आहे. पुलापर्यंत चालत जाऊ, मी येते बरोबर. उद्या फोन करायचाय ना तुला?"

ती काठाकडे बघत राहिली. पाणी तिच्याही कमरेएवढंच होतं, आणि काठ चार पावलांवर. मग तिने माझा हात हळूच सोडवला आणि स्वतःचे दोन्ही हात वर केले.

"जरा सैल बांध रे," ती भावाला म्हणाली.