पहिली बादली माशांना

मंडळी, माझी कमी खर्चातली झाडांची फिशटँक तुम्ही इथंच बघितली होती. मित्रानं अडगळीत टाकलेली काचेची पेटी, करमाडच्या शेतातली माती, वरून चाळलेली वाळू, ओळखीच्यांनी दिलेली पाणझाडं आणि थोडे गप्पी मासे. आज त्यातली फक्त झाडं उरलीत.

पेटी घरात आली तेव्हा वडील, आमचे अण्णा, लई भडकले होते. "नळाला कधी पाणी येईल त्याचा पत्ता नाय, अन् तुला मासे पाळायचेत व्हय?"

आज नळ आला तेव्हा मी वाळूजला ड्युटीवर होतो. घरी आलो तर अण्णा दारातच उभे, चेहरा एकदम खुललेला. "तुझ्या माशांचं शिळं पाणी सगळं काढून टाकलं बघ. पहिली बादली त्यांना दिली, मग घरातले ड्रम भरले."

नळाच्या ताज्या पाण्यातल्या क्लोरीननं मासे मरतात. म्हणून मी ते आधी उघड्या बादलीत दोन दिवस ठेवायचो. अण्णांच्या लेखी ते शिळं.

आत गेलो. सगळे गप्पी उलटे तरंगत होते.

अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "म्हातारे झाले होते का रे?"

मी "हो" म्हणालो.

मासे आम्ही तुळशीशेजारच्या कुंडीत पुरले. माती सारखी करत अण्णा म्हणाले, "नवे आण. पुढच्या पाण्यालाबी पहिली बादली त्यांचीच."

सांगा मंडळी, आता यांना कसं सांगू?