डब्यातली शीतल

मुलुंडच्या टेकडीला चिकटलेल्या त्या वस्तीत मोबाईलची रेंज शोधायची म्हणजे खाली रस्त्यापर्यंत उतरायचं. म्हणून एका संस्थेने डबा दिला. जेवणाच्या डब्याएवढा, वर सोलरची पट्टी. उन्हात ठेवायचा, आपापल्या घरातून वायफायने फोन जोडायचा, की आत भरलेले धडे इंटरनेटशिवाय ऐकू येतात. डबा सांभाळायचा अंबादासने, कारण गणिताचे धडे त्याच्याच लेकीच्या, शीतलच्या आवाजातले.

शीतल चोविसाव्या वर्षी काविळीने गेली. धडे राहिले. दुपारी अंबादास जेवायला बसला की या घरातून ती वजाबाकी शिकवायची, त्या घरातून अपूर्णांक. चार घरांत पोरगी बोलतेय आणि स्वतःच्या घरात नाही, माणसाच्या घशाखाली घास उतरेल कसा? दोनदा तर तो ‘आलो गं’ म्हणत ताटावरून उठलासुद्धा. आपलं डोकं फिरणार, अशी त्याला धास्तीच बसली.

संस्थेचा सिद्धेश नवे धडे भरायला आला.

“काका, ताईचेपण राहू देतो. जागा आहे.”

“नको. काढून टाक.”

“कॉपी आहे ना तुमच्याकडे?”

“आहे रे,” अंबादास बेधडक खोटं बोलला.

कॉपी कुणाकडेच नव्हती. डबा हाताशी असताना आपल्या फोनची जागा कोण अडवणार?

दोन दिवस त्याला गाढ झोप लागली. तिसऱ्या दुपारी ती शांतता अंगावर आली. ताट तसंच टाकून तो दारोदार फिरला, “कुणाच्या फोनात आहे का शीतल?” असं विचारत. लाज गुंडाळून ठेवली होती त्याने. सगळ्यांनी फोन चाळले, माना हलवल्या. खाली रस्त्यावर जाऊन त्याने सिद्धेशला फोन लावला. तो बिचारा रडकुंडीला आला. “काका, तुम्हीच सांगितलंत ना?”

अंबादास परत वर चढला, तर शेजारची मालन उंबऱ्यात नातीला घेऊन बसलेली. मालन धुणीभांडी करायची. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई शीतलचे धडे ऐकून ऐकून गणित शिकली होती, अक्षरन्‌अक्षर पाठ.

“भाकरीचे चार भाग केले. एक उचलला. म्हणजे किती? पाव.” शब्द शीतलचे, मध्ये थांबणंही शीतलचंच. “उरली पाऊण. बाबा, पंखा बंद करा ना जरा, आवाज येतोय. तर पाऊण म्हणजे...”

मालनला ते धड्यातलंच वाटत होतं. शीतल घरात रेकॉर्डिंग करताना बापाला बोलली होती ते.

अंबादास तिच्यासमोर खाली बसला.

“मालनबाई, परत म्हणा.”

“कुठून, भाऊ?”

“बाबा म्हणाली ना, तिथून.”